‘स्कायरिम’च्या दोन आवृत्त्या : मॉड-रूपांतर आणि कर्तृत्वाचा प्रश्न

भाषांतर, अनुवाद व रूपांतर यांतील भेदाची चर्चा मराठी समीक्षेत बरीच झाली आहे. संगणकीय खेळांच्या संदर्भात मात्र रूपांतर ही निव्वळ तांत्रिक बाब समजली जाते. प्रस्तुत लेखात ही समजूत बेथेस्डा या अमेरिकन निर्मितीसंस्थेच्या ‘स्कायरिम’ या खेळाच्या आधारे तपासावयाची आहे.

हा खेळ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी स्वतः रचून त्यात घातलेली पात्रे, वस्तू, प्रदेश वा नियम म्हणजे ‘मॉड’ होत. २०१६ मध्ये ‘स्पेशल एडिशन’ ही आवृत्ती आली. मूळ खेळ ३२ बिटचा, नवा ६४ बिटचा; त्यामुळे पुष्कळ जुने मॉड जसेच्या तसे चालेनात. त्रिमित आकृत्या नव्या साच्यात बसवणे, हालचालींच्या फायली ६४ बिटमध्ये आणणे, प्लगइन ‘क्रिएशन किट’मध्ये उघडून पुन्हा साठवणे ही कामे चिकाटीचा कोणताही खेळाडू करू शकतो. येथवर ‘तांत्रिक’ हे विशेषण योग्यच आहे.

परंतु ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या पूरक प्रणालीवर आधारलेल्या काही मॉडमध्ये डीएलएल फाईल असते. ती यंत्रभाषेत संकलित झालेली असल्याने कर्त्याच्या मूळ संहितेवाचून तिचे नव्याने संकलन होत नाही. कर्त्याने संहिता खुली ठेवली नसेल आणि तो हा छंद सोडून गेला असेल, तर दुसऱ्याला त्या मॉडचे कार्य समजून घेऊन सारे पुन्हा लिहावे लागते. याला रूपांतर म्हणावे की नवनिर्मिती? नोव्हेंबर २०२१ च्या अद्ययावतीकरणात खेळाचा संकलक बदलला, आणि अशा फायलींबाबत हाच प्रसंग पुन्हा उद्भवला.

याहून बिकट प्रश्न अनुमतीचा. ‘नेक्सस मॉड्स’ या संग्रहावर कर्ता आपल्या अटी नोंदवतो; अनुमतीवाचून रूपांतरित मॉड तेथे प्रसिद्ध करता येत नाही. कर्त्याचा नकार स्पष्ट असेल तर तो मानलाच पाहिजे. मात्र वर्षानुवर्षे उत्तर न देणाऱ्या कर्त्याचे मौनही नकारच मानावे, हे पटत नाही. विशेषतः मॉड ही स्वतःच दुसऱ्याच्या कृतीवर उभी राहिलेली कृती असताना. परिणाम असा की प्रत्येक खेळाडू तेच रूपांतर आपल्यापुरते घरी करतो, आणि त्याच्या संगणकाबाहेर त्यातले काहीच उरत नाही.