हात कुणी धरायला सांगितले?

पुण्यात परवा हौशी मंडळींच्या एका कार्यक्रमात ‘मिस सायगॉन’मधलं ‘आय स्टिल बिलीव्ह’ ऐकलं. मुली सुरेल होत्या, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. शेवटच्या ध्रुवपदाला किम डावीकडून, एलन उजवीकडून चालत मधोमध आल्या आणि एकमेकींचे हात धरून गायल्या. टाळ्यांचा कडकडाट. मी हात मांडीवरच ठेवले. अहो, या दोघींच्या मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर आहे!

१९८९ मध्ये लंडनला ड्रुरी लेनवर आलेल्या या नाटकातलं हेलिकॉप्टर सगळ्यांना आठवतं. माझ्या लेखी संगीतकार शोनबर्गची खरी कमाई हे गाणं. किम हो चि मिन्ह शहरातल्या खोपटात, एलन अमेरिकेत नवऱ्याशेजारी, म्हणजे ख्रिसशेजारी, पलंगावर. दोघी सुरुवात एकाच गोष्टीनं करतात: तो झोपला होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. किमची ती रात्र काही वर्षांपूर्वीची. झोपेत त्यानं घेतलेलं नाव तिचंच. एलनची रात्र कालची. तो पुन्हा वाईट स्वप्नात ओरडला, काहीतरी नावासारखं, तिला ते कळलं नाही. चाल तीच, माणूस तोच. एलन नावाची कुणी आहे हे किमच्या गावीही नाही, आणि ते नाव कुणाचं हे एलनला ठाऊक नाही. ठाऊक फक्त आपल्याला, तिकीट काढून अंधारात बसलेल्यांना. पुढे दोन्ही आवाज एकत्र चढतात तेव्हा पोटात कालवतं ते त्यामुळे.

ड्युएटला मराठीत द्वंद्वगीत म्हणतात. जोडी आणि झुंज एकाच शब्दात. ‘चेस’मधलं फ्लॉरेन्स आणि स्वेतलानाचं गाणं (१९८४ च्या ध्वनिमुद्रिकेत इलेन पेज आणि बार्बरा डिक्सन) याच जातीचं: एकाच पुरुषाची प्रेयसी आणि बायको, आणि गळे असे जुळलेले की सख्ख्या बहिणी वाटाव्यात. ‘स्वीनी टॉड’मधली दुसऱ्या अंकातली ‘जोहाना’ तर आणखी पुढची. बाप लेकीच्या आठवणीत रमून, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकांचे गळे चिरतोय. आणि तेच नाव आळवत तिचा प्रियकर अँथनी लंडन पालथं घालतोय.

बाकीच्यांचं काय सांगू? ‘ले मिझराब्ल’मधलं ‘वन डे मोर’ ही मिरवणूक आहे. ‘बाय बाय बर्डी’तली फोनवरची पोरं गोड आहेत, पण फोन लागला की लांबची माणसं लांबची राहतातच कुठे! ‘डिअर इव्हान हॅन्सन’च्या स्क्रीनबद्दल बोलायला नको.

उलट ‘साउथ पॅसिफिक’ (१९४९) बघा. तिथे दोघं एकाच गच्चीवर आहेत. एझिओ पिंझाच्या ऑपेरातल्या खर्जापुढे आवाज लावायला मेरी मार्टिन धजेना, म्हणून रॉजर्स आणि हॅमरस्टाइननं दोघांना आळीपाळीनं मनातलं गायला लावलं. आवाज शेवटपर्यंत एकत्र येत नाहीत. जे सांगायचं ते वाद्यवृंद सांगतो. हातभर अंतर, पण ते राखलंय.

आपल्या संगीत नाटकाला लांबच्या दोघांनी एकत्र गाण्याचा हा प्रकार परका, हे मान्य. रंगवलेल्या एका पडद्यावर एका वेळी एकच गाव मावायचं. शिवाय पद ही एकट्याची मालमत्ता. वन्समोअरमध्ये वाटेकरी कुणाला हवा? ‘सौभद्रा’त अर्जुन त्याच्या पदांत झुरतो, सुभद्रा तिच्या. तेव्हा प्रेक्षकाला ही सवय नाही, हे मी समजू शकतो. दिग्दर्शकाला मात्र सूट नाही.

त्याला कार्यक्रमानंतर गाठलंच. म्हणाला, “सर, लांब उभ्या राहिल्या की कनेक्ट होत नाही.” अरे, कनेक्ट करायला चाल आहे ना! दोघींची चाल एक, हे कानांना कळतंय. मग पायांनी पुन्हा सांगण्याची गरज काय? प्रेक्षकाकडे या गाण्यात एकच काम असतं, मधलं अंतर मनात मोजण्याचं, तेही तू काढून घेतलंस. आणि नाटकाचं तरी भान ठेव. दुसऱ्या अंकात बँकॉकच्या हॉटेलात किम ख्रिसला शोधत येते आणि खोलीत भेटते ती एलन. तुझ्या किमनं तर पहिल्याच अंकात तिचा हात धरलाय. आता त्या खोलीत ती दचकणार कशानं?