भुताचा एकुलता एक साक्षीदार

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ १८९८ साली ‘कॉलिअर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकात क्रमशः छापून आली आणि पुढे तिच्या वाचकांत दोन तट पडले. ब्लाय नावाच्या आडबाजूच्या हवेलीत दोन पोरक्या भावंडांना सांभाळायला आलेल्या तरुण शिक्षिकेला मेलेला नोकर पीटर क्विंट आणि मेलेली आधीची शिक्षिका मिस जेसेल दिसू लागतात. ती खरोखरची भुते आहेत, असे एक तट म्हणतो. ते तिच्या कोंडलेल्या मनाचे खेळ आहेत, असे दुसरा. दुसऱ्या तटाची मांडणी एड्ना केंटनने १९२४ साली सुरू केली, आणि एडमंड विल्सनने १९३४ साली तिला फ्रॉइडचा भक्कम टेकू दिला. वाद अजून मिटलेला नाही, आणि या तऱ्हेने तो मिटणारही नाही, कारण दोन्ही तट संदिग्धतेला कोडे समजतात. भयकथेच्या या शाखेत खरी अनिश्चितता भुताविषयी नसते, दोषाविषयी असते. या कथांत शेवटी कोणाचा तरी जीव जातो. भूत असेल तर दोष भुताचा, नसेल तर निवेदकाचा. आणि भूत होते की नव्हते हे आपल्याला सांगणारा एकुलता एक साक्षीदार तोच, ज्याची सुटका त्या उत्तरावर अवलंबून आहे.

ब्लायच्या शिक्षिकेची जबानी या नजरेने वाचली की तपशील वेगळे दिसू लागतात. ती गरीब पाद्र्याची वीस वर्षांची मुलगी. मुलांच्या देखण्या काकाला ती दोनदाच भेटली आहे, त्याच्यावर भाळली आहे, आणि काहीही झाले तरी आपल्याला त्रास द्यायचा नाही ही त्याची अट तिने मान्य केली आहे. क्विंट मनोऱ्यावर पहिल्यांदा दिसतो त्याच्या क्षणभर आधी ती बागेत फिरत असते, आणि वाटेच्या वळणावर कोणीतरी उभे असावे, आपल्याकडे कौतुकाने बघून हसावे, असे तिच्या मनात चाललेले असते. जेम्सने हा दिवास्वप्नाचा तुकडा उगाच तिथे ठेवलेला नाही. तिला कोणीतरी पाहायला हवे आहे. त्याहूनही, आपण पार पाडू असे एखादे मोठे, अवघड कर्तव्य हवे आहे. भुते तिला ते कर्तव्य मिळवून देतात. तळ्याकाठी ती हवेलीची घरव्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ग्रोसला मिस जेसेल दाखवते आणि त्या साध्या, अक्षरशत्रू बाईला तिथे काहीच दिसत नाही, तेव्हा शिक्षिका आपले म्हणणे तपासून बघत नाही, मुलीवरचा संशय वाढवते. शेवटी मुलगा, माइल्स, तिच्या मिठीत मरतो. हे एवढे दोन्ही तटांना मान्यच आहे. क्विंट खिडकीत असो वा नसो, मुलाला घट्ट धरून त्याच्याकडून कबुली पिळून काढणारे हात तिचे आहेत.

इथे हरकत येते ती अशी, आणि ती वजनदार आहे: क्विंटबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नसताना शिक्षिका त्याचे लाल केस, फिकट लांबट चेहरा, बारीक रोखलेले डोळे इतके नेमके सांगते की मिसेस ग्रोस त्याला ओळखते. मग हा भ्रम कसा? विल्सनच्या मांडणीतला हा कच्चा दुवा होता. नंतरच्या समीक्षकांनी तिने गावात चौकशी केली असेल वगैरे वाटा शोधल्या, पण त्या ओढूनताणून आणलेल्या वाटतात. माझ्या मते ही हरकत सरळ मान्य करावी. समजा, क्विंट खरोखर आला होता. तरी त्याला मुलगाच हवा होता, हे कोणी सांगितले? मुले त्याच्याशी संगनमत करून आहेत, हे कोणी पाहिले? आकृती दिसणे ही एक गोष्ट आणि तिचा हेतू ओळखणे ही दुसरी. दुसरी सर्वस्वी शिक्षिकेची आहे, आणि मुलाचा जीव तिच्यापायी जातो. तिचे हस्तलिखित मंडळींना वाचून दाखवणारा आणि तिच्या चारित्र्याची हमी देणारा डग्लस हाही काही तटस्थ नव्हे. तरुणपणी तो तिच्यावर लुब्ध होता. जेम्स हस्तलिखितापाशीच थांबतो, ते ऐकणाऱ्या मंडळींकडे कथा परत येत नाही, म्हणजे निकाल द्यायला कोणी उरतच नाही.

हे सगळे विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने जुन्या कथांवर लादलेले आहे, असेही म्हटले जाते. त्याला शेरिडन ल फानूची ‘ग्रीन टी’ हे पुरेसे उत्तर आहे. ही कथा १८६९ सालची, डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’मधली, फ्रॉइड तेव्हा तेरा वर्षांचा होता. रेव्हरंड जेनिंग्जला एक काळे माकड दिसते, ते त्याचा पिच्छा सोडत नाही, पुढे बोलू लागते, आणि तो गळा चिरून घेतो. माकड कुठून आले, याचीच चर्चा बहुतेक वाचक करतात. मला या कथेतला सगळ्यात भयंकर भाग शेवटचा, डॉक्टर हेसेलियसचा समारोप वाटतो. माकड परत आले तर मला लगेच बोलाव, असे रुग्णाला सांगून हा डॉक्टर निवांत विचार करायला गावाबाहेरच्या खाणावळीत जाऊन राहतो आणि पत्ता कोणालाच ठेवत नाही. निरोप पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यानंतर तो आपल्या विद्वान मित्राला शांतपणे लिहितो की अशा सत्तावन्न रोग्यांवर आपण इलाज केला आहे, जेनिंग्जवरचे उपचार मात्र अजून सुरूच झाले नव्हते, म्हणून तो आपला रुग्ण धरता येत नाही; शिवाय आत्महत्येची खोड त्याच्या घराण्यातच होती. ल फानू त्याच्यावर टीकेचा एक शब्द खर्च करत नाही. इथे वेडा ठरवला जातो तो मेलेला, आणि शहाणा ठरतो तो लेखणी हाती असलेला.

मोपासाँच्या ‘ओर्ला’ने तर या कलेचा प्रयोगच मागे ठेवला आहे, कारण ती त्याने दोनदा लिहिली. १८८६च्या पहिल्या रूपात एक रुग्ण डॉक्टरांच्या बैठकीत आपली कहाणी सांगतो: रात्री पाणी आणि दूध कोणीतरी पिऊन जाते, आरशात आपले प्रतिबिंब झाकले जाते. शेजाऱ्यांनाही तसाच त्रास होत असल्याचे डॉक्टर सांगतो. म्हणजे बाहेरचा पुरावा आहे. १८८७च्या दुसऱ्या रूपात मोपासाँने बैठक काढून टाकली, डॉक्टरची साक्ष काढली, आणि उरली फक्त एका माणसाची रोजनिशी. त्याचबरोबर एक नवी घटना घातली: त्या अदृश्य जीवाला खोलीत कोंडून निवेदक घराला आग लावतो आणि वर झोपलेले नोकर त्याच्या लक्षातच राहत नाहीत. पुरावा कमी केला आणि मृत्यू वाढवले, हा बदल योगायोगाचा नाही. मोपासाँ पुढे वेड्यांच्या इस्पितळात १८९३ साली मेला, म्हणून ही कथा त्याच्या आजाराची नोंद समजण्याची पद्धत आहे. पण आजारी माणसाची नोंद इतकी विचारपूर्वक पुन्हा बांधलेली नसते.

शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मध्ये (१८९२) हाच हिशेब उलटा होतो. तिथे निवेदिकेचे मन ढळते आहे याबद्दल शंका नाही, पण दोष तिच्याकडे येत नाही, तिला खोलीत विश्रांतीच्या नावाखाली डांबणाऱ्या डॉक्टर नवऱ्याकडे जातो. उलट, रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) बघा. जंक्शनवर गाडीची वाट पाहताना एक बोलघेवडा प्रवासी ओसाड महालातल्या रात्री सांगतो, गाडी येते, गोष्ट अर्धी राहते, आणि ऐकणारे दोघे ती खरी की थाप यावरून भांडतात. नुसत्या सौंदर्यात या यादीतली दुसरी कथा तिच्या जवळपास येत नाही. पण ती झोंबत नाही, कारण सांगणाऱ्याला कशातून सुटायचे नाही.

एम. आर. जेम्ससारखा लेखक भूत सरळ दाखवतो आणि तरी घाबरवतो, तेव्हा संदिग्धता ही भयकथेची अट नाही, हे कबूल. नैसर्गिक खुलाशाला जागा ठेवावी, पण ती वापरता न येण्याइतकी अरुंद असावी, असे त्याचे मत होते. आपल्याकडे नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांतही अमानवी शक्ती खरीच असते. तिचा बंदोबस्त कसा होतो यात गंमत असते. या घराण्यांना संदिग्ध कथेच्या मापाने मोजण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती आजच्या संदिग्धतेविषयी. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वरच्या जॅक क्लेटनच्या ‘द इनोसंट्स’ (१९६१) या चित्रपटाने पडद्यावरही तोल बराचसा सांभाळला होता: शिक्षिका झालेल्या डेबोरा करचा चेहरा बऱ्याचदा आधी, आकृती नंतर. मेजावर उरलेला मिस जेसेलच्या अश्रूचा एक थेंब तेवढा तो तोल हलवतो. त्याआधी, याच कथेवरच्या संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या १९५४च्या ऑपेरात भुते गाऊ लागली, आणि तिथे प्रश्नच मिटला. पण आता अनेक चित्रपटांत आणि मालिकांत शेवटच्या पाच मिनिटांत सगळे तिच्या मनातच होते असे कळते, किंवा मनात होते म्हणेपर्यंत मागे दार करकरते. ही संदिग्धता नव्हे, ही पाकिटातली चिठ्ठी उशिरा उघडणे आहे. निवेदकाला काही लपवायचे नसते, कोणाचा जीव त्याच्या खात्यावर नसतो, म्हणून उत्तर कुठलेही निघाले तरी फरक पडत नाही. नव्या लेखकांनी भूत दाखवावे की झाकावे याचा खल थोडा बाजूला ठेवून, आपल्या निवेदकाने नेमके काय केले आहे हे आधी ठरवावे. वाचकांनीही ‘ग्रीन टी’ पुन्हा हाती घ्यावी, आणि या वेळी माकडाकडे नव्हे, डॉक्टरकडे लक्ष ठेवावे.