सातोशीच्या पेपरात राहिलेलं गणित

घरी बिटॲक्स लावून सोलो मायनिंग करायचंय? आधी सातोशी नाकामोतोचा 2008चा नऊ पानी पेपर वाचा, पण शंका घेत. हल्लेखोराची शक्यता त्यात प्वासाँ वितरण वापरून नीट काढलीय. छोट्या, प्रामाणिक मायनरने किती वाट बघायची, हे मात्र नाहीच! प्रत्येक सीपीयूला एक मत, हे गृहीतक फक्त हॅशिंगसाठी बनलेल्या एसिक चिपांनी मोडलं.

आता तेच वितरण सिडकोतल्या आपल्या टेबलावर लावा. बिटॲक्स गॅमा सेकंदाला 1.2 टेराहॅश, नेटवर्क 900 एक्झाहॅश धरू, दर दहा मिनिटांना एक ब्लॉक. सरासरी प्रतीक्षा: 14 हजार वर्षं. वीज वर्षाला दीडशे युनिट. वर्षभर थांबलात म्हणून प्रतीक्षा एका दिवसानेही घटत नाही. कुणाला ब्लॉक लागल्याच्या बातम्या खऱ्याच असतात. न लागलेल्यांची बातमी होत नाही. नेटवर्कचा आजचा आकडा घालून एकदा स्वतः करून बघा.