चक्कीवाल्याचा प्रश्न : इराणी नाटकातला राष्ट्रवाद

मंडळी, इराणी नाटकातला राष्ट्रवाद म्हटलं की लोक थेट फिरदौसीपाशी जातात. मला हे अर्धंच पटतं. कथा जुन्या, पण जखम एकोणिसाव्या शतकातली. १८१३ आणि १८२८ च्या तहांत कॉकेशसचा मुलूख रशियाकडे गेला, आणि आपण असे दुबळे का झालो याचं उत्तर काही विचारवंत सातव्या शतकातल्या अरब विजयात शोधू लागले. त्यांतले एक आखुंदजादे. गंमत बघा, हे गृहस्थ तिफ्लिसला रशियाच्याच नोकरीत, आणि नाटकं लिहिली तुर्कीत!

सादिक हेदायतचं ‘परवीन, सासानची मुलगी’ (१९३०) याच वळणाचं. इराणी तेवढे सुसंस्कृत, अरब तेवढे क्रूर. हाच हेदायत पुढे मुंबईत येऊन बेहरामगोर अंकलेसरियांकडे पहलवी शिकला. तळमळ खोटी नव्हती. पण नाटक लंगडं पडतं, कारण शत्रूला बाजूच दिलेली नाही. मग संघर्ष कसला?

बहराम बेझाईंनी ‘यज्दगर्दचा मृत्यू’मध्ये (१९७९) तोच काळ घेतला आणि प्रश्न फिरवला. मर्वजवळच्या चक्कीत शेवटच्या सासानी राजाचं प्रेत पडलंय. सरदार नि धर्मगुरू चक्कीवाल्याला खुनी ठरवायला बसलेत. तो, त्याची बायको, मुलगी आळीपाळीने राजा होऊन दाखवतात, आणि मेला तो राजा की चक्कीवाला, हेच कळेनासं होतं. ज्यांचा मुलगा राजाच्या लढाईत गेला, त्यांचा हा राजा कोण लागतो? हेदायतला हे विचारावंसं वाटलं नाही. इथे मात्र सरदारांनाही उत्तर सापडत नाही, आणि तोवर अरब फौज दाराशी आलेली असते.