कमी कशाची : प्रथिनांची की भाकरीची?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद अशा कोणत्याही तालुक्यात भाद्रपदात गेले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन दिसते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत ती २२ टक्के, तर ज्वारीत जेमतेम १० टक्के. पोषणावरच्या पाठात हे आकडे ओळीने मांडले जातात आणि सोयाबीन हे गरिबांसाठी सर्वोत्तम अन्न, असा निष्कर्ष विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा असे आम्हाला वाटते.

या निष्कर्षामागे मोठा इतिहास आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येत असल्याचा इशारा दिला. गरीब देशांतील मुले खुरटतात ती मुख्यतः प्रथिनांअभावी, असा तेव्हाचा समज होता. म्हणून प्रथिनयुक्त पिठे बनवण्याकडे अन्नतंत्रज्ञांनी लक्ष वळवले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे तेलविरहित पीठ आणि हरभरा यांपासून बहुउद्देशीय अन्न तयार केले होते, तेही याच विचाराचे फळ.

या समजाला आकडेवारीच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत एक मराठी शास्त्रज्ञ होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते आणि जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. भारतातील आहार-पाहण्यांची छाननी करून १९७० च्या सुमारास त्यांनी दाखवले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना बहुधा एकूण अन्नच कमी पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांनाही सुजटी आणि सुकटी झालेल्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा ठळक फरक आढळला नव्हता. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिनांच्या या सगळ्या मोहिमेला फजिती म्हटले.

सुखात्म्यांचे म्हणणे वर्गात फळ्यावर पडताळता येते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० उष्मांक आणि १६ ग्रॅम प्रथिने लागतात. ३०० ग्रॅम ज्वारी, ५० ग्रॅम तुरीची डाळ आणि २० ग्रॅम तेल धरा. उष्मांक साधारण १३६५ होतात आणि प्रथिने ४१ ग्रॅम. आता हाच आहार निम्मा करा. प्रथिने उरतात २० ग्रॅम, म्हणजे कागदावर तरी पुरेशी. उष्मांक मात्र ६८० वर येतात. शरीराला आधी इंधन हवे असते. ते अपुरे पडले की बांधणीसाठी आलेली प्रथिनेही जाळली जातात. अशा मुलाला सोयाबीनचे चमचाभर पीठ देणे म्हणजे घर बांधायला आणलेले लाकूड चुलीत घालण्यासारखे आहे.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातली आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते पुरेशा उष्णतेने निष्क्रिय करावे लागतात. दाणा वरणासारखा सहज शिजत नाही आणि त्याचा उग्र वास अनेकांना नको वाटतो. म्हणून जिल्ह्यातले सोयाबीन बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात जाते आणि उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. त्याच्यासाठी ज्वारीचे क्षेत्र मात्र आटले. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्यावर जगणाऱ्या जनावरांच्या दुधाचा प्रश्न उभा राहिला. पैसा देणारे पीक म्हणून शेतकऱ्याने सोयाबीन घेतले, यात त्याची चूक नाही. पण शेतात प्रथिने पिकली म्हणजे ती ताटात आली, असे मानणे चूक आहे.

असे असले तरी सुखात्म्यांचे सगळेच म्हणणे स्वीकारता येत नाही. एक तर प्रथिनांची प्रत त्यांच्या काळी समजली जात होती त्याहून महत्त्वाची ठरली आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १२ मिलिग्रॅम लायसीन पुरते, असे १९८५ चा आंतरराष्ट्रीय अहवाल सांगत होता. २००७ च्या अहवालाने ते प्रमाण ३० वर नेले. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेत डॉ. अनुरा कुरपाड यांनी केलेल्या संशोधनाचा त्यात वाटा आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन फार कमी, तर तुरीच्या प्रथिनात त्याच्या सुमारे तिप्पट असते. म्हणजे भाकरीबरोबरचे वरण किंवा चून ही चैन नाही. डाळ महागली की घरात वरण पातळ होते, तेव्हा नेमका हाच घटक कमी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, शरीर जुळवून घेते, म्हणून कुपोषणाची रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढावी, असे सुखात्मे म्हणत. तसे केले की कुपोषितांची संख्या कागदावर एकदम घटते. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९८१ साली या मांडणीवर कठोर टीका केली. ‘लहान पण निरोगी’ या डेव्हिड सेक्लर यांच्या कल्पनेलाही गोपालन यांनी विरोध केला. आम्हाला ही टीका पटते. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरचे कोलाम मूल कमी अन्नावर जगते हे खरे. पण जुळवून घेण्याची किंमत ते कमी वाढून, कमी खेळून आणि वर्गात पेंगून चुकवते. जगणे आणि वाढणे यांतला हा फरक शिक्षकाला रोज दिसतो, सरासरीच्या तक्त्यात तो दिसत नाही.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत, उच्च प्राथमिकसाठी ७०० आणि २०. हे दोन्ही आकडे एकत्र ठेवले आहेत, हेच योग्य. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना आपल्या शाळेतील खिचडीचा हिशोब करू द्यावा : किती तांदूळ, किती डाळ, किती तेल. मग तोच हिशोब घरच्या जेवणाचा दोनदा करावा, एकदा आषाढात आणि एकदा तूर घरात आल्यावर पौषात. कोणाच्या ताटात काय आहे हे वर्गात जाहीर वाचू नये, बेरीज सर्वांची मिळून करावी. दोन बेरजांमधली तफावत पाहिल्यावर एखाद्या धान्यात प्रथिने किती टक्के, या प्रश्नाआधी ते किती जणांच्या पोटात किती गेले, हा प्रश्न विद्यार्थी आपणच विचारू लागतील.