वसतिगृहाची मालकी आणि प्रवेशाचा प्रश्न

अमेरिकेतील कोलगेट विद्यापीठाने २००३ साली, ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांना व भगिनीमंडळांना आपली निवासगृहे विद्यापीठास विकावयास लावले. ज्या एका मंडळाने नकार दिला, त्याची मान्यता गेली; न्यायालयातही त्यास यश आले नाही. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी विद्यापीठावर असते, हे मान्यच करावे लागेल. परंतु मालकी हाती आली की निवासातील भेद आपोआप मिटेल, ही ह्या धोरणामागील समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. घर कोणाचे आणि दार कोणास उघडे, हे दोन प्रश्न भिन्न होत.

ह्याची साक्ष कोल्हापूर देते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांस उघडे होते. आत मात्र ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले. म्हणूनच १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम अशी निरनिराळी बोर्डिंगे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ह्या शेवटच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास गेल्यावरून भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे बोर्डिंग चालविले. तेही सरकारी नव्हते. तात्पर्य, सामाईक घर आतून बंद राहू शकते आणि खाजगी घर सर्वांना सामावू शकते.

येथे शब्दाचा विचार उपयोगी पडेल. इंग्रजीत 'बोर्डिंग' हा शब्द भोजन-निवासाच्या व्यवस्थेचा वाचक आहे. मराठीत तो संस्थेचे नाव झाला. देणगी, अन्न, निवारा आणि समाजाचे कर्तव्य हे सारे त्यात आले. म्हणून पुण्यातील हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगची जागा विकण्याचा विश्वस्तांचा व्यवहार २०२५ साली लोकांना नुसता जमिनीचा व्यवहार वाटला नाही. समाजाच्या विरोधानंतर तो रद्द झाला.

गोंदियालगतच्या कुडव्याहून नागपुरास शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास खोलीचा मालक कोण, हा प्रश्न पुढचा. खोली मिळेल काय, हा पहिला. विद्यापीठाने प्रवेशाचे नियम आणि शिस्त ह्यांवर अवश्य बोट ठेवावे. घर विकत घेऊन ते काम उरकले असे मानणे मात्र सोपे आणि अपुरे आहे.