हिरव्या चौकोनांचे प्रामाण्य

गिटहब या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोग्रामरच्या प्रोफाइलवर मागील वर्षाचे एक कोष्टक दिसते. त्यातील एक चौकोन म्हणजे एक दिवस. त्या दिवशी काम नोंदले गेले असल्यास तो हिरवा होतो आणि नोंदी वाढतील तसा गडद होत जातो. २०१३ साली आलेले हे कोष्टक वस्तुतः एक सोयीचे चित्र होय. परंतु नोकरी देणारे काही लोक त्याकडे उद्योगशीलतेचा पुरावा म्हणून पाहू लागले. पुराव्याला मोल आले की बनावट पुरावाही निपजतो, हा नियम येथेही चुकलेला नाही.

अशा साधनांपैकी ‘गिटहब ॲक्टिव्हिटी जनरेटर’ विशेष परीक्षणीय आहे. वर्षातील किती टक्के दिवस भरावयाचे, एका दिवसात जास्तीत जास्त किती नोंदी करावयाच्या आणि शनिवार-रविवार वगळावयाचे की नाही, एवढे सांगितले की पायथन भाषेतील हा छोटा प्रोग्राम मागील तारखांच्या नोंदी घडवितो. प्रत्येक नोंदीत एका फाइलीला एक ओळ जोडली जाते. तीत असते ती केवळ तारीख, वेळ व ‘काँट्रिब्युशन’ हा शब्द. काम असे काहीच नसते.

या साधनाने कोणतेही कुलूप तोडलेले नाही, हा मुद्दा नीट ध्यानी घेतला पाहिजे. ज्या गिट प्रणालीवर हे सारे उभे आहे ती लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचली. त्या कामात एकाने बदल लिहून ईमेलने पाठवावा आणि दुसऱ्याने तो काही काळाने स्वीकारावा, अशी रीत होती. म्हणून प्रत्येक नोंदीत दोन तारखा असतात : एक कर्त्याची, दुसरी नोंद करणाराची. दोन्ही लिहिणाराच्याच संगणकावरून येतात व त्याला बदलता येतात. नोंदीचा मजकूर व तारखा यांवरून काढलेली सांकेतिक खूण नंतरचा फेरफार उघड करते. मूळ लेखन खरे होते की नाही, याचा निर्वाळा ती देऊ शकत नाही. गिटमधील तारीख ही साक्ष आहे, निरीक्षण नव्हे. कोष्टक मात्र तिला निरीक्षणाचे रूप देते.

बनावट ताम्रपट ओळखताना तिथी व वार यांचा मेळ पाहतात. येथे वार यंत्रच काढते, त्यामुळे ती कसोटी निरुपयोगी ठरते. तथापि दुसरी एक उपलब्ध आहे. प्रस्तुत साधन केवळ कर्त्याची तारीख बदलते. नोंद करणाराची तारीख खरीच राहते. त्यामुळे वर्षभराच्या म्हणविल्या जाणाऱ्या नोंदी एकाच बैठकीत झाल्याचे उघडकीस येते. ‘गिटफिटी’ हे दुसरे साधन दोन्ही तारखा बदलते, तेव्हा हीही कसोटी अखेरची नव्हे. परंतु गिटफिटी चौकोनांतून चित्रे व अक्षरे काढते; आपली कृत्रिमता ते लपवीत नाही. ती उघड थट्टा आहे. सुट्ट्या वगळून स्वाभाविकतेचा आव आणणारे साधन थट्टा करीत नाही, फसविते. ‘आम्ही कोष्टकाचा फोलपणा दाखवितो’ हे समर्थन पहिल्यास शोभते, दुसऱ्यास नव्हे.

तरीही सर्व दोष साधनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याच्या प्रकल्पाची प्रत घेऊन तीत केलेल्या नोंदी कोष्टकात धरल्या जात नाहीत. खासगी काम कर्त्याने दाखविण्याचे ठरविल्याखेरीज दिसत नाही. म्हणजे कोरा चौकोन आळसाचा पुरावा नव्हे. सलग दिवसांची मोजणी गिटहबने २०१६ साली काढून टाकली. त्यानंतर दीर्घ साखळ्या, सुट्टीतील काम आणि एकच नोंद असलेले दिवस कमी झाल्याचे २०२१ च्या एका अभ्यासात दिसून आले. मोजणीसाठीच होणारे काही काम खऱ्या माणसांच्या हातूनही होत होते, असाच याचा अर्थ दिसतो.

यातील खरी हानी होते ती प्रामाणिकपणे काम करूनही ज्याचे कोष्टक कोरे राहते त्याची. बनावट कोष्टकाशेजारी तो आळशी ठरतो. हा अन्याय टाळणे परीक्षकाच्या हाती आहे. त्याने चौकोनांचा रंग पाहून न थांबता त्यांमागील एखादी तरी नोंद उघडून वाचावी. त्या एका ओळीत केवळ तारीखच आढळली, तर पुढे काही सिद्ध करावयाचे उरत नाही.